वारशाच्या संपत्तीवर चालणाऱ्या न्यासांच्या विश्वस्तांना खुले पत्र

माननीय विश्वस्त मंडळी,

स. न. वि. वि.

आपण ज्या न्यासांचा कारभार पाहता, त्यांतला पैसा कोणीतरी पूर्वी मिळवला, तो पुढे कोणाला तरी वारशाने आला आणि त्या वारसाने तो लोकोपयोगी कामासाठी बाजूला काढला. आता तो कोठे, कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा हे आपण ठरवता. ठरवताना आपल्यासमोर प्रस्ताव असतात, ताळेबंद असतात, मागील वर्षांचे अहवाल असतात. परंतु जिने हेच काम स्वतःच्या वारशातून जवळजवळ सत्तर वर्षे केले, अशा एखाद्या व्यक्तीचे समग्र चरित्र बहुधा नसते. म्हणून लंडनच्या अँजेला बर्डेट-कूट्स यांच्याविषयी मी आपणांस लिहीत आहे. त्यांचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ते त्यांच्या हयातीतच पुष्कळ गाऊन झाले आहेत. त्यांच्या आयुष्यात सफल झालेले दान आणि फसलेले दान अगदी शेजारी शेजारी सापडते, हेतू दोन्हीकडे तितकाच निर्मळ आणि पैसा दोन्हीकडे त्याच तिजोरीतला. त्यामुळे एक का तरले आणि दुसरे का बुडाले, हे शांतपणे तपासता येते. आपल्या कामाशी याचा थेट संबंध आहे, असे मला मनापासून वाटते.

अँजेला यांचा जन्म 1814 सालचा. सुधारणावादी खासदार सर फ्रान्सिस बर्डेट यांच्या सहा अपत्यांत त्या सर्वांत धाकट्या. आईचे वडील टॉमस कूट्स हे लंडनमधील प्रसिद्ध पेढीचे मालक. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर उतारवयात त्यांनी हॅरियट मेलन या अभिनेत्रीशी विवाह केला आणि 1822 मध्ये मृत्यू पावताना पेढीतील वाट्यासह सर्व काही तिच्या नावे ठेवले. फिरत्या नाटकमंडळींत वाढलेल्या या बाईने पुढे सेंट ऑल्बन्सच्या ड्यूकशी लग्न केले, पण कूट्स घराण्याची संपत्ती कूट्सच्या वंशातच परत जावी हे ती विसरली नाही. टॉमस यांच्या नातवंडांना तिने वर्षानुवर्षे पारखले आणि 1837 च्या ऑगस्टमध्ये तिचे मृत्युपत्र उघडले, तेव्हा तेवीस वर्षांच्या अँजेला सुमारे 18 लाख पौंडांच्या वारस ठरल्या. त्या काळच्या एका वर्तमानपत्राने हिशेब मांडला की एवढे सोने तेरा टनांहून जास्त भरेल आणि ते उचलायला 107 माणसे लागतील. माणसापेक्षा त्याच्या पैशाच्या वजनाकडे आधी लक्ष जाते, हा अनुभव त्यांना तेव्हापासूनच येऊ लागला.

मृत्युपत्रात अटी होत्या. कूट्स हे आडनाव लावणे बंधनकारक होते, पेढीतील वाटा विश्वस्तांच्या ताब्यात राहून त्याचे केवळ उत्पन्न अँजेला यांना मिळणार होते, पेढीच्या कारभारात त्यांना बोलता येणार नव्हते, आणि परदेशी पुरुषाशी विवाह केल्यास हक्क बहिणीकडे जाणार होता. त्यांच्यावर मागण्यांचा वर्षाव झाला. एका आयरिश वकिलाने तर अनेक वर्षे त्यांचा अक्षरशः पिच्छा पुरवला. इंग्लंडचा तेव्हाचा कायदा असा होता की विवाह होताच स्त्रीची जंगम मालमत्ता, वेगळी तजवीज केलेली नसेल तर, नवऱ्याची होत असे, आणि तो कायदा खऱ्या अर्थाने बदलायला 1882 साल उजाडावे लागले. म्हणजे ज्या काळात पेढीच्या मालकिणीला पेढीत आवाज नव्हता, त्या काळात अविवाहित राहणे हाच स्त्रीला आपल्या इच्छेने पैसा खर्च करण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होता. त्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत अविवाहित राहिल्या. 1847 मध्ये वयाने पंचेचाळीस वर्षांनी मोठ्या असलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना त्यांनी स्वतःहून विवाहाबद्दल विचारले होते आणि त्यांनी अत्यंत आदराने नकार दिला होता, ही गोष्ट चरित्रकार हमखास सांगतात. मला त्यापेक्षा त्यांची रोजची टपाल महत्त्वाची वाटते.

मदत मागणारी पत्रे ढिगांनी येत. त्यांत खरे गरजू होते, सराईत याचकही होते. अँजेला यांनी लवकरच एक गोष्ट ओळखली की द्यायची इच्छा आणि पैसा दोन्ही असूनही मधली एक पायरी राहते, ती चौकशीची. या कामी त्यांना कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांची मोठी मदत झाली. 1843 मध्ये डिकन्स यांनी सॅफ्रन हिल भागातील एका गरीब मुलांच्या मोफत शाळेला भेट दिली आणि तिथली घाण, कोंदट खोली आणि मुलांची दशा यांचे वर्णन पत्राने कळवले. त्या पत्रानंतर अशा शाळांना त्यांचा हात मिळाला. पुढे डिकन्स यांच्याच नियतकालिकाचे सहसंपादक विल्यम हेन्री विल्स यांना त्यांनी पगार देऊन चिटणीस नेमले, कारण अर्जदाराच्या दारापर्यंत जाऊन खरेखोटे पाहणारा जबाबदार माणूस हवा होता. आपल्याकडे प्रशासकीय खर्च जितका कमी तितका न्यास चांगला, असे मानण्याची रीत पडली आहे. अर्जदाराच्या घरापर्यंत जाणाऱ्या माणसाचा पगार हा दानाचाच भाग असतो, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी जाणले होते. आपण तो खर्च वाचवतो आणि मग पैसा कोठे गेला याची प्रमाणपत्रे मागत बसतो.

त्यांच्या हजारो देणग्यांपैकी एक मी आपल्यापुढे जरा जवळून ठेवतो. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होत्या. जखमी सैनिकांचे कपडे, चादरी, पट्ट्या धुवायच्या म्हटल्या तरी दमट हवेत त्या वाळत नसत आणि ओलसर कापड पुन्हा रुग्णाच्या अंगाखाली जाई. देशभरातून सैनिकांसाठी भेटी जात होत्या. अँजेला यांनी 1855 मध्ये डिकन्स यांच्या मदतीने एका कारागिराकडून कपडे वाळवण्याचे यंत्र तयार करवून घेतले, त्याचे भाग सुटे करून जहाजाने स्कुटारीला पाठवले आणि तिथे ते जोडले गेले. किंमत होती सुमारे 150 पौंड. तीस लाख पौंडांच्या आसपास दान करणाऱ्या बाईच्या हिशेबात ही रक्कम नजरेतही भरत नाही. पण कपडे धुतल्यानंतर त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न कोणाच्या तरी मनात आल्याशिवाय ते यंत्र निघाले नसते. आपल्यासमोर येणाऱ्या प्रस्तावांत खाटा असतात, इमारती असतात, रुग्णवाहिका असतात. वाळवण्याची सोय क्वचितच असते, कारण प्रस्ताव लिहिणारा माणूस कपडे धूत नाही.

1847 मध्ये शेफर्ड्स बुश येथे त्यांनी डिकन्स यांच्यासह ‘युरेनिया कॉटेज’ हे घर सुरू केले. तुरुंगातून सुटलेल्या, रस्त्यावर आलेल्या, देहविक्रय करावा लागलेल्या तरुण स्त्रियांना तेथे राहायला, घरकाम शिकायला, लिहायला-वाचायला मिळे आणि नंतर वसाहतींत नव्याने आयुष्य सुरू करण्यासाठी पाठवले जाई. त्या काळी अशी आश्रयस्थाने इतरही होती, पण ती बहुतांशी पश्चात्ताप घडवण्यासाठी चालत, आणि जाडाभरडा करडा पोशाख, सततचे उपदेश आणि गतायुष्याची आठवण हा तेथला दिनक्रम असे. युरेनिया कॉटेजमध्ये स्त्रीच्या पूर्वायुष्याबद्दल तिला कोणी टोचून बोलायचे नाही, असा दंडक होता. ती माहिती एका स्वतंत्र वहीत बंद राहत असे. कपडे आनंदी रंगांचे असावेत, यावर डिकन्स अडून बसले होते. अँजेला स्वतः निष्ठावान आणि काहीशा सोवळ्या वृत्तीच्या ख्रिस्ती होत्या. भडक रंग त्यांना रुचत नव्हते, परदेशी गेल्यावर या मुलींनी लग्नाची आशा धरावी की नाही याबद्दलही त्यांना संकोच होता. दोघांचा पत्रव्यवहार वाचताना हे मतभेद जागोजागी दिसतात आणि पैसे देणाऱ्या बाईने वारंवार माघार घेतलेली दिसते. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील हे सर्वांत मोठे दान आहे. ज्याच्या हातात धनादेश आहे त्याने स्वतःची आवड बाजूला ठेवणे किती अवघड असते, हे आपल्या बैठकांत बसलेल्या कोणालाही सांगायला नको.

तरीही या घराची एक बाजू आपण लक्षात घ्यावी. ते दोन माणसांच्या परस्पर विश्वासावर उभे होते. 1858 मध्ये डिकन्स पत्नीपासून विभक्त झाले, त्यानंतर त्यांच्यात आणि अँजेला यांच्यात अंतर पडत गेले आणि पुढील काही वर्षांत युरेनिया कॉटेज बंद झाले. गरज संपली नव्हती. लंडनच्या रस्त्यांवर त्याच वयाच्या मुली तशाच उभ्या होत्या.

आता ज्या कामासाठी मी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागात नोव्हा स्कोशिया गार्डन्स नावाची अत्यंत घाणेरडी वस्ती होती. मधोमध कचऱ्याचा डोंगर आणि भोवती मोडकळीला आलेली घरे. अँजेला यांनी ती जागा विकत घेतली, कचरा हलवला आणि 1859 ते 1862 या काळात कोलंबिया स्क्वेअर या नावाने कामगारांसाठी चाळीसारख्या बहुमजली इमारती बांधल्या. कपडे धुण्याची जागा, स्नानाची सोय, वाचनालय, सगळे त्यांत होते. भाडे परवडणारे होते आणि लोक राहायला आले. येथपर्यंत सर्व ठीक होते.

त्यांच्या मनात पुढची गोष्ट आली ती बाजाराची. या भागातील गरिबांना भाजी, मासळी, मांस महाग आणि बहुधा शिळे मिळे. ढकलगाडीवर माल विकणाऱ्या फेरीवाल्यांना पोलीस एका जागी उभे राहू देत नसत. मग स्वच्छ, छपराखालचा, प्रामाणिक वजनमापाचा बाजार उभारला तर विकणारा आणि घेणारा दोघांचेही भले होईल, असा साधा विचार होता आणि तो चुकीचा मुळीच नव्हता. हेन्री डार्बिशर या वास्तुशिल्पज्ञाने गॉथिक शैलीत असा बाजार उभारला की तो बाजार आहे की कॅथीड्रल, असे पाहणाऱ्याला वाटावे. सुमारे दोन लाख पौंड खर्च झाले. उंच दालन, कोरीव दगड, घड्याळाचा मनोरा आणि भिंतींवर सदाचाराची वचने. 1869 च्या एप्रिलमध्ये थाटात उद्घाटन झाले. रविवारी बाजार बंद राहणार होता आणि आवारात शिवीगाळ करण्यास मनाई होती.

फेरीवाले आत आले नाहीत. त्यांचा धंदा गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत जाण्यावर, ओरडून माल खपवण्यावर आणि शनिवारी रात्री मजुरी हातात पडल्यानंतर रविवारी सकाळपर्यंत चालणाऱ्या खरेदीवर उभा होता. नेमक्या त्याच वेळी हा बाजार बंद असे. घाऊक व्यापाऱ्यांना, विशेषतः बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारात ज्यांचे हितसंबंध गुंतले होते त्यांना, नवा स्पर्धक नको होता आणि त्यांनी तो वाढू दिला नाही. माल थेट आणणारा रेल्वेचा फाटा तेथपर्यंत पोहोचला नाही. 1871 मध्ये अँजेला यांनी बाजार लंडन महापालिकेच्या स्वाधीन केला. तिनेही काही वर्षांत, 1874 मध्ये, तो परत केला. पुन्हा मासळीसाठी प्रयत्न झाले. अखेर 1880 च्या दशकाच्या मध्यावर दारे बंद झाली, इमारत गोदामे आणि कारखान्यांसाठी भाड्याने गेली आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी ती पाडण्याचे काम सुरू झाले. आज त्याच परिसरात, कोलंबिया रोडवर, दर रविवारी फुलांचा बाजार भरतो. तो उघड्या रस्त्यावर भरतो, विक्रेते मोठ्याने ओरडून माल विकतात आणि चालायला जागा राहत नाही इतकी गर्दी होते.

विश्वस्तहो, हे सारे वाचून बाईंना भाबडे ठरवणे सोपे आहे आणि ते अन्यायाचे होईल. फेरीवाल्यांशी त्यांचा खरोखरच स्नेह होता. त्यांच्या गाढवांसाठी त्यांनी तबेले बांधले, चांगली निगा राखणाऱ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा पाडली आणि फेरीवाल्यांनी कृतज्ञतेने त्यांना चांदीचे गाढव भेट दिले. ज्यांनी बाजाराकडे पाठ फिरवली, त्याच वर्गाने दिलेली ही भेट आहे. तबेला त्यांना हवा होता, गॉथिक दालन नको होते. स्कुटारीच्या यंत्राच्या वेळी ओल्या कपड्यांची अडचण माहीत होती म्हणून 150 पौंड पुरले. येथे रविवारची सकाळ माहीत नव्हती किंवा धर्मभावनेमुळे ती पाहायची नव्हती म्हणून दोन लाखही पुरले नाहीत. बांधकामाआधी दहा फेरीवाल्यांना एकत्र बसवून त्यांचा शनिवार आणि रविवार कसा जातो एवढे विचारले असते, तरी भिंतीवरच्या वचनांपेक्षा ते अधिक उपयोगी पडले असते.

याच बाईंनी हा धडा घेतला असावा असे मला वाटते, ते आयर्लंडमधील बाल्टिमोर या मासेमार गावातील कामावरून. तेथील धर्मगुरू फादर चार्ल्स डेव्हिस यांना गावाची नाडी ठाऊक होती. समुद्रात मासळी होती, पण कोळ्यांकडे मोठ्या होड्या आणि जाळी नव्हती. अँजेला यांनी त्यांच्या सांगण्यावरून कोळ्यांना होड्यांसाठी कर्जाऊ रकमा दिल्या. होडी कोळ्याची, मासे त्याचे आणि हप्ताही त्याचा. कर्जे मोठ्या प्रमाणावर फिटली आणि 1887 मध्ये मुलांना मासेमारी, जाळी विणणे, होड्या बांधणे शिकवणारी शाळा तेथे उघडली, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या बाई स्वतः गेल्या. त्यांचे स्वागत करायला कोळ्यांच्या होड्या समुद्रात उतरल्या होत्या. त्या होड्या ज्यांच्या होत्या ते कोणाचे उपकृत म्हणून खाली मान घालून उभे नव्हते. ते हप्ते फेडणारे लोक होते.

त्यांच्या दानाचा एक भाग मला मान्य करता येत नाही आणि तो लपवणे योग्य होणार नाही. अ‍ॅडलेड, केप टाउन आणि ब्रिटिश कोलंबिया येथील धर्मप्रांतांसाठी त्यांनी मोठ्या रकमा दिल्या. बोर्निओ बेटावरील सारावाकच्या इंग्रज राजाला, जेम्स ब्रूक यांना, त्यांनी भरीव साहाय्य केले. ज्यांच्या भूमीवर हे सारे उभे राहत होते त्यांना कोणी विचारले नव्हते. सद्भावनेने दिलेला पैसा सत्तेच्या बाजूने किती सहज उभा राहतो, हे त्यांच्या चरित्रातूनच दिसते, आणि संस्थापकांचे गौरवग्रंथ छापताना अशी पाने गाळण्याची सवय आपण सोडावी.

1871 मध्ये राणी व्हिक्टोरिया यांनी त्यांना बॅरोनेस ही सरदारकी दिली, तीही पतीच्या नात्याने नव्हे तर त्यांच्या स्वतःच्या नावावर, आणि पुढच्याच वर्षी लंडन शहराचे सन्माननीय नागरिकत्व मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मग 1881 मध्ये त्यांनी आपले चिटणीस विल्यम अ‍ॅशमेड बार्टलेट यांच्याशी विवाह केला. ते एकोणतीस वर्षांचे होते आणि जन्माने अमेरिकन. राणीसकट सारा समाज नाराज झाला, आणि परदेशी पतीबद्दलची ती जुनी अट बहीण क्लारा यांनी पुढे केली. तडजोडीत अँजेला यांचे तीन-पंचमांश उत्पन्न गेले. त्या वयात आपल्या मनाने जगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यांच्या वार्षिक मदतीवर चालणाऱ्या अनेक कामांना त्या तडजोडीचा फटका बसला. देणाऱ्याच्या घरातील एका घटनेने घेणाऱ्याची शाळा हलावी, असे अवलंबित्व आपल्या न्यासांभोवतीही आहे. पिढी बदलते, नव्या विश्वस्तांची आवड बदलते, आणि कालपर्यंत शिक्षणाला मिळणारा पैसा आज पर्यावरणाकडे वळतो. ज्या शिक्षिकेचा पगार त्यातून निघत होता तिला मात्र हे मार्चमध्ये पत्राने कळते.

30 डिसेंबर 1906 रोजी त्या गेल्या. पिकॅडिलीजवळच्या त्यांच्या घरी अंत्यदर्शनासाठी तीस हजारांच्या आसपास लोक येऊन गेले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांचे दफन झाले. रांगेत कोण कोण होते याची यादी कोणी ठेवली नाही.

आपणांस माझी विनंती अगदी व्यवहारातली आहे. कोणत्याही इमारतीचा प्रस्ताव मंजूर करण्यापूर्वी ती वापरणाऱ्यांच्या तोंडून त्यांचा दिवस कसा जातो हे आपल्यापैकी एकाने तरी प्रत्यक्ष जाऊन ऐकावे, आणि ते ऐकणारा सल्लागार नसावा, विश्वस्तच असावा. चौकशी करणाऱ्या, वाड्यावस्त्यांपर्यंत जाणाऱ्या माणसांच्या पगारासाठी वेगळी तरतूद ठेवावी. ज्या कामाला आपण पाच वर्षे आधार दिला आहे तो काढून घेताना किमान दोन वर्षे आधी सांगावे आणि त्या दोन वर्षांत रक्कम कमी करू नये. आणि आपल्या पुढच्या वार्षिक अहवालात, संस्थापकांच्या छायाचित्रानंतर आणि लाभार्थींच्या आकड्यांच्या आधी, आपल्या पैशातून उभे राहिलेले पण न चाललेले एक काम त्याच्या खर्चासह आणि कारणांसह छापावे. बर्डेट-कूट्स यांचा बाजार कसा फसला हे आज आपल्याला कळते, कारण ती इमारत एवढी मोठी होती की तिचे अपयश झाकणे शक्यच नव्हते. आपल्या न्यासांची अपयशे लहान असतात, फाइलीत मावतात, म्हणून शेजारचा न्यास तीच चूक पुढल्या वर्षी पुन्हा पैसे घालून करतो.

असा अहवाल आपल्यापैकी कोणी प्रसिद्ध केला, तर तो मला अवश्य वाचायचा आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
न्यासांचे अहवाल नियमितपणे वाचणारा एक वाचक